आजारी माणसाचे पोट आणि चित्त
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मला भाषणाचा सराव नाही. सातवीपर्यंत शिकले आणि पुढे चूल सांभाळली. पण आमच्या घरी जे घडले ते चारचौघींना सांगावे, असा मंडळाचा आग्रह पडला म्हणून उभी राहिले आहे.

आमच्या सासूबाईंचे वय ७८. श्रावणात खळ्यातल्या शेवाळावरून पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया नीट झाली. पण दुसऱ्या रात्री त्या मला ओळखीनात. "तू कोणाचा चेडू गो? होडी इली काय?" असे विचारीत आणि सलाईनची नळी ओढीत. मामंजींना जाऊन तर वीस वर्षे झाली! मी घाबरले, रागावलेही. "गप ऱ्हवा!" म्हणून ओरडले. कोणी म्हणाले बाहेरची बाधा, कोणी म्हणाले म्हातारचळ.

सकाळी डॉक्टरांनी समजावले, "हे वेड नव्हे. याला डेलिरियम म्हणतात. म्हातारपणी शस्त्रक्रियेनंतर पुष्कळांना होतो. बहुतेकांचा काही दिवसांत उतरतो, काहींना विसराळूपणा महिनोन्‌महिने राहतो." हे ऐकून माझी मान खाली गेली.

याचा पोटाशीही संबंध असावा, असे आता शास्त्रज्ञांना वाटते. आपल्या आतड्यांत कोट्यवधी जंतू राहतात आणि त्यांतले पुष्कळ आपल्या उपयोगाचे. उपास, अँटिबायोटिक औषधे आणि शस्त्रक्रियेचा ताण यांनी त्यांची घडी विस्कटते. मग आतड्याचे अस्तर कमजोर होते, अंगातली सूज वाढते आणि तिची झळ मेंदूला लागते, असा तर्क आहे. पुरावा बराचसा उंदरांवरचा. माणसांवरचे प्रयोग अजून लहान आहेत. दह्यातले जंतू प्रकृतीला हितकारक असावेत, हा विचार मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वीच मांडला होता. त्यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते मात्र शरीराच्या रोगप्रतिकाराच्या शोधाबद्दल.

म्हणून दही-ताक हे औषध समजू नका. डॉक्टरांना विचारल्यावाचून रोग्याला काही देऊ नका, जंतूंच्या गोळ्या तर नाहीच. परवानगी मिळाल्यावर आम्ही उकड्या तांदळाची पेज सुरू केली, मग ताक. पोट साफ होते की नाही, याकडेही लक्ष ठेवले.

खात्रीचे उपाय साधेच आहेत. अमेरिकेत १९९९ साली ७० वर्षांवरील ८५२ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. ते शस्त्रक्रियेचे नव्हते, इतर आजारांचे होते. ज्यांना दिवस-वार सांगितला, चष्मा व कानाचे यंत्र दिले, पाणी पाजले, चालविले आणि रात्री शांत झोपू दिले, त्यांच्यात शंभरांत सुमारे दहांना भ्रम झाला, इतरांत पंधरांना. आमच्या सासूबाईंचा चष्मा मी घरी फडताळात विसरले होते! तो आणल्यावर त्यांनी प्रथम माझ्याकडे नीट पाहिले.

चौथ्या दिवशी त्या सावरल्या. अजून कधी वार चुकतो, नारळांचा हिशेब चुकतो. पण ओटीवर बसून कुळीथ निवडतात.

भगिनींनो, घरच्या म्हाताऱ्या माणसाला इस्पितळात नेताना पिशवीत चष्मा आणि कवळी आधी घाला. वृद्ध माणूस अचानक बरळू लागले तर ताबडतोब डॉक्टरांना सांगा. आणि माझ्यासारख्या ओरडू नका. हात धरून आपले नाव सांगा.