क्लुशिनोचा यूरा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

यूरी गागारिन म्हटलं की आपल्याला आठवतं ते त्याचं हसणं आणि ती १०८ मिनिटं. १२ एप्रिल १९६१ रोजी माणूस पहिल्यांदा अंतराळात गेला आणि परत आला. त्याच वर्षाच्या अखेरीस गागारिन भारतात आला, मुंबईलाही येऊन गेला. त्याला पाहायला लोटलेल्या गर्दीचं वर्णन आमचे अब्बा करायचे. मला मात्र आज बोलायचंय ते सामुदायिक शेतीवर वाढलेल्या एका मुलाबद्दल आणि सरावाच्या उड्डाणात गेलेल्या एका वैमानिकाबद्दल.

९ मार्च १९३४ रोजी स्मोलेन्स्क भागातल्या क्लुशिनो या खेड्यात त्याचा जन्म झाला. वडील सुतार, आई गाई सांभाळणारी. दोघंही कोलखोजवर कामाला होते. कोलखोज म्हणजे सरकारनं गावाची शेतं, जनावरं, अवजारं एकत्र करून चालवलेली शेती. ऐकायला छान वाटतं. पण या शेतकऱ्यांना देशांतर्गत प्रवासाचं ओळखपत्र हक्कानं मिळू लागलं ते १९७४ नंतर. शेत सगळ्यांचं, पण गाव सोडायची मोकळीक नाही!

१९४१ साली जर्मन सैन्य गावात शिरलं. गागारिनांचं घर त्यांनी बळकावलं. घरच्यांनी मागं जमिनीत खड्डा खणला, वर छप्पर घातलं आणि तिथं जवळजवळ पावणेदोन वर्षं काढली. धाकटा भाऊ बोरिस याला एका जर्मन सैनिकानं मफलरीनं सफरचंदाच्या झाडाला टांगलं. आई धावली म्हणून पोर वाचलं. मोठा भाऊ आणि बहीण यांना जर्मनांनी वेठीला नेलं. दोघं परतले, पण तोवर घरच्यांनी आशा सोडली होती. याच काळात गावाजवळ एक रशियन लढाऊ विमान कोसळलं. यूरानं वैमानिक पहिल्यांदा पाहिला तो असा, चिखलात उतरलेला.

पुढे ओतकामाची शाळा, सारातोव्हचं तंत्रनिकेतन, तिथल्याच क्लबात शिकलेलं विमान, मग हवाई दल. अंतराळातून तो उतरला तोही सारातोव्हजवळ, व्होल्गाकाठच्या नांगरलेल्या शेतात. समोर बटाटे लावणारी एक आजी आणि तिची नात. नारिंगी पोशाखातला हा प्राणी पाहून त्या घाबरून मागं सरल्या. यानात बसून नव्हे, तर यानाबाहेर पडून पॅराशूटनं तो उतरला होता, हे सरकारनं दहा वर्षं लपवलं. वडिलांची गोष्ट तर फारच गोड आहे. ते त्या दिवशी सुतारकामाला निघाले होते. वाटेत कुणी म्हणालं, मेजर गागारिन नावाचा कुणी अवकाशात गेलाय. म्हातारा म्हणाला, तो आमचा नव्हे, आमचा अजून मेजर झालेला नाही! बढती उड्डाण चालू असतानाच मिळाली होती.

त्यानंतर सरकारला तो हवा होता देशोदेशी मिरवायला. एप्रिल १९६७ मध्ये त्याचा मित्र कोमारोव्ह सोयुझ यानात मरण पावला. पर्यायी अंतराळवीर म्हणून गागारिनचंच नाव होतं. त्यानंतर त्याचं अंतराळात जाणं बंद झालं. विमानासाठी मात्र तो हटून बसला. वैमानिकानं उडायचंच नाही, तर तो वैमानिक कसला? मला हा हट्ट त्या १०८ मिनिटांपेक्षा मोठा वाटतो.

२७ मार्च १९६८. सकाळी साडेदहाच्या सुमारास, ढगाळ हवेत, मिग-१५ हे दोन आसनी सराव-विमान किर्झाचजवळच्या जंगलात कोसळलं. सोबत युद्धात नावाजलेला वैमानिक सेऱ्योगिन होता. दोघंही गेले. गागारिनला चौतीस पूर्ण होऊन अठरा दिवस झाले होते. मुली आठ आणि सात वर्षांच्या. चौकशीचे कागद कित्येक वर्षं कुलपात राहिले. कुणी म्हणतं हवामानाचा फुगा चुकवताना, तर त्याचा सहकारी लिओनोव्ह म्हणाला, फार जवळून गेलेल्या दुसऱ्या विमानामुळे.

मिग हे नाव आपल्याला परकं नाही. आपल्या नाशिकजवळ ओझरला मिग-२१ बनत. सप्टेंबर २०२५ मध्ये ती विमानं निवृत्त झाली. युद्ध नसताना, सरावात, त्यांतून आपली किती तरुण पोरं गेली! त्यांच्या बातमीत ‘अपघात’ हा शब्द असतो. ‘शहीद’ हा शब्द आपण गोळीसाठी राखून ठेवतो. अरबीत त्याचा मूळ अर्थ साक्षीदार असा आहे. पृथ्वी पहिल्यांदा बाहेरून पाहणाऱ्याला हा शब्द मी तरी नाकारणार नाही.

अंतराळात जाण्याच्या दोन दिवस आधी त्यानं पत्नीला पत्र लिहून ठेवलं होतं. मी परतलो नाही तर खचू नकोस, मुलींना लाडावून ठेवू नकोस, त्यांना चांगली माणसं कर, असा त्याचा आशय. तेव्हा तो परतला. पत्र तिच्या हाती पडलं ते सात वर्षांनी, विमान कोसळल्यावर.

त्याच वर्षी ग्झात्स्क या त्यांच्या तालुक्याच्या गावाला गागारिन हे नाव देण्यात आलं. आई आन्ना तिथंच राहत होती, १९८४ पर्यंत. आपल्याच लेकाच्या नावाच्या गावात ती सोळा वर्षं राहिली.