दूध थिजविण्याची कला

पुडिंग हा शब्द आपल्याकडे साहेबाच्या जेवणाच्या टेबलावरून आला, आणि त्याच्याबरोबर असा एक समजहि आला कीं, हा पदार्थ करावयाचा तर बाजारांतून पुडा आणावा, त्यावर छापलेल्या सूचना वाचाव्या आणि उकळत्या दुधांत ती पिवळी पूड ढवळावी. ज्या घरांतून खीर, बासुंदी आणि खरवस पिढ्यानुपिढ्या होत आले, त्याच घरांतील मुलांना पुडिंग म्हणजे कांहीं निराळीच परदेशी वस्तु वाटावी, हें नवल आहे. वस्तुतः दुधाला घट्टपणा आणणें आणि त्याला गोडी व सुवास देणें, एवढाच या पदार्थाचा सारा संसार. दूध कशानें थिजतें हें ज्याला एकदां उमगलें, त्याला पुड्याची गरज उरत नाहीं. मग रुचि नेहमींची द्यावी कीं अनोखी, हें त्याच्या मर्जीवर राहतें.

खुद्द इंग्रजांच्या देशांत या शब्दाचा अर्थ कितीदां तरी पालटला. पूर्वीं आंतड्यांत सारण भरून उकडलेल्या मांसाला पुडिंग म्हणत. पुढें फडक्यांत बांधून उकडलेल्या पिठाच्या गोळ्यालाहि तेंच नांव मिळालें. दुधाचें गोड पुडिंग त्या मानानें अलीकडचें. युरोपांत मध्ययुगीं 'ब्लांमांज' नांवाचा जो शुभ्र पदार्थ होत असे, त्यांत तांदूळ व बदामाचें दूध यांबरोबर कोंबडीचें मांसहि असे. तुर्कस्तानांत कोंबडीच्या मांसाचे बारीक तंतु घातलेली दुधाची मिठाई आजहि आवडीनें खातात. तेव्हां चमत्कारिक रुचीचें पुडिंग ही कांहीं आजकालची टूम नव्हे. आणि ती पिवळी पूड? १८३७ सालीं बर्मिंगहॅम येथील आल्फ्रेड बर्ड नांवाच्या औषधविक्रेत्याच्या पत्नीला अंडें सोसत नसे. तिच्यासाठीं त्यानें अंड्याऐवजीं मक्याचें सत्त्व वापरून पुडिंगाची सोय केली. म्हणजे आज आपण जिला तयार माल समजतों, ती मूळची घरच्या माणसाच्या पथ्यासाठीं घरांतच काढलेली युक्ति होय.

अशा युक्त्यांना लागणारी सामग्री आपल्याकडे किती आहे, हें पाहण्यास मोठ्या शहरांत जावयास नको. सोलापूर जिल्ह्यांत, माळशिरस तालुक्यांत वेळापूर हें गांव आहे. अर्धनारीनटेश्वराच्या प्राचीन देवळामुळें त्याची ख्याति आहे, आणि आषाढांत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पंढरीच्या वाटेवर तेथें मुक्काम करते. नीरेच्या कालव्यामुळें या तालुक्यांत ऊस पिकूं लागला. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत जवळच माळीनगरास साखरेचा कारखाना उभा राहिला. लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस याच बाजूची. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आणि सोलापूरचें डाळिंब यांची कीर्ति तर दूरवर गेली आहे. दूध, गोडी, धान्य आणि फळ, चारहि गोष्टी दाराशीं असतां पुड्याकडे धांव घेण्याचें कारण काय?

दुधाला घट्टपणा आणण्याचा पहिला मार्ग धान्याचा. धान्यांतील पिठूळ सत्त्व पाणी आणि उष्णता मिळतांच फुगतें व भोंवतालच्या द्रवाला धरून ठेवतें. खपली गव्हाची खीर हें याचें उत्तम उदाहरण. खपलीला पाण्याचा हात लावून ती सडावी, कोंडा पाखडून रात्रभर भिजत घालावी आणि दुसऱ्या दिवशीं दाणा बोटानें चिरडेल इतकी मऊ शिजवावी. मग वाटीभर गव्हास सव्वा वाटी गूळ, किसलेलें सुकें खोबरें, भाजलेली खसखस, थोडी बडीशेप, सुंठ आणि जायफळ घालून खीर रटरटूं द्यावी. दूध मात्र भांड्यांत न घालतां पानांत वाढतांना वाटींत घालावें, ही जुनी चाल आहे. त्या चालींत मोठें शहाणपण आहे. गुळांत किंचित् आंबटपणा आणि क्षार असतात. उकळत्या दुधाशीं गांठ पडली कीं दूध नासतें. शहरांत पुष्कळजणी दोन्ही एकत्र उकळतात आणि दोष गवळ्याला देतात. गुळाचें पुडिंग करावयाचें असेल तर गुळाचा पाक वेगळा करून गाळावा, आणि तो व दूध दोन्ही कोमट झाल्यावर एकत्र करावीं.

दुसरा नियमहि याच खिरींतून शिकावा. दाणा पुरता शिजल्यावरच गोड घालावें. साखर किंवा गूळ आधीं पडला तर तो पाणी आपल्याकडे ओढतो, आणि दाणा कितीहि शिजविला तरी कणसर राहतो. साध्या पुडिंगासाठीं अर्धा लिटर दुधास तीन सपाट मोठे चमचे कॉर्नफ्लॉवर किंवा तांदळाचें बारीक पीठ पुरतें. पीठ थंड दुधांत कालवूनच गरम दुधांत सोडावें. कोरडें टाकल्यास गुठळीचें बाहेरचें आवरण शिजतें आणि आंत पीठ कोरडेंच राहतें. याच प्रमाणानें ज्वारीचें पीठ तुपावर खमंग भाजून घेतल्यास जें पुडिंग होतें, त्याला भाकरीच्या पापुद्र्याची आठवण करून देणारा सुरेख वास येतो. तें अनोखें खरें, पण परकें नव्हे.

दुसरा मार्ग अंड्याचा. येथें उष्णतेची मर्यादा सांभाळणें हेंच सारें कौशल्य. एका डब्यांत चार चमचे साखर पाण्याशिवाय वितळवून तांबूस होऊं द्यावी व डबा फिरवून ती तळाला पसरावी. तीन अंडीं फेंस न आणतां फेंटावीं, त्यांत चार चमचे साखर आणि अर्धा लिटर कोमट दूध मिसळून गाळावें, जायफळ घालावें आणि डब्यावर झांकण लावून तो पाण्याच्या भांड्यांत ठेवावा. पाणी खळखळ उकळूं देऊं नये. अंड्याचें मिश्रण ८० ते ८५ अंशांच्या दरम्यान थिजतें. त्यावर आंच गेली कीं तें आकसतें, त्याला जाळी पडते आणि पाणी सुटतें. अर्ध्यापाऊण तासानें सुरीचें टोंक घालून पाहावें. तें स्वच्छ निघालें म्हणजे डबा उतरवावा आणि पुरता निवल्यावरच उलटावा.

तिसरा मार्ग निसर्गाचाच. व्यालेल्या गाईम्हशीच्या पहिल्या दुधांत, म्हणजे चिकांत, उष्णतेनें गोठणारीं सत्त्वें इतकीं असतात कीं त्याला पीठ नको, अंडेंहि नको. पहिल्या दिवसाच्या चिकांत दुप्पट साधें दूध, दुसऱ्या दिवसाच्या चिकांत बरोबरीनें दूध घालावें, बारीक चिरलेला गूळ थंडपणींच विरघळवावा, वेलदोड्याची पूड घालून वाफवावें, कीं खरवस तयार होतो. वेळापुरासारख्या गांवांत घरीं म्हैस व्याली म्हणजे शेजारीं चीक धाडण्याची रीत आहे. त्या वाटीला नुसत्या गोडीपेक्षां अधिक मोल असतें.

परंतु या वाटीवर पहिला हक्क कोणाचा, हें विसरून चालणार नाहीं. वासरूं किंवा रेडकूं जन्मतें तें रोगांशीं झगडण्याचें बळ जवळजवळ न घेतांच. आईच्या उदरांत तें बळ त्याला मिळत नाहीं. तें चिकांतून मिळतें, आणि तेंहि पहिल्या कांहीं तासांतच. त्यानंतर आंतड्यांचीं तीं द्वारें झपाट्यानें मिटूं लागतात आणि दिवसभरानें मिटून जातात. म्हणून पहिल्या दिवसांत वासराच्या वजनाच्या निदान दहाव्या हिश्शाइतका चीक त्याच्या पोटांत गेला पाहिजे. पंचवीस किलोच्या रेडकास अडीच लिटर, आणि त्यांतील बराच भाग पहिल्या कांहीं तासांत. घरची म्हैस असते तेथें पिलूं डोळ्यांसमोर असतें, आणि त्याचें पोट भरल्यावर उरलेला चीक माणसांना मिळतो. शहरांतील दुकानांत मात्र बारमाही खरवसाच्या वड्या दिसतात. तो खरोखर चिकाचा असेल, तर कोणत्या तरी गोठ्यांत कोणाचा वांटा कमी झाला नाहीं ना, हा प्रश्न घेणाऱ्यानें स्वतःला विचारावा. ज्याला केवळ त्या चवीची आठवण हवी, त्यानें साधें दूध, पाणी निथळलेलें गोड दहीं आणि डब्यांतील आटीव गोड दूध समभाग घेऊन, वेलदोडा व केशर घालून वीस-पंचवीस मिनिटें वाफवावें. तो खरवस नव्हे. पण त्याच्या जवळपास जातो, आणि त्यासाठीं कोणाच्या तोंडचा घांस काढावा लागत नाहीं.

चवथा मार्ग उन्हाळ्याचा. सोलापूरकडे वैशाखांत पारा ४० अंशांच्या वर जातो. जिलेटिनानें थिजविलेलें पुडिंग ३५ अंशांच्या आंतच पातळ होतें. शिवाय जिलेटिन जनावरांच्या हाडां-कातड्यांपासून निघतें, हें शाकाहारी घरांनीं ध्यानांत ठेवावें. त्याऐवजीं चायना ग्रास घ्यावें. तें समुद्रांतील शेवाळापासून होतें, घरांतल्या उष्ण हवेंतहि थिजतें, आणि एकदां थिजलें म्हणजे सुमारें ८५ अंशांपर्यंत वितळत नाहीं. अर्धा लिटर दुधास पांच ग्रॅम पुरे. तें पाण्यांत वेगळें उकळून, पुरतें विरघळल्यावर गाळून, गरम असतांनाच गरम दुधांत मिसळावें. थंड दुधांत घातल्यास तत्काळ तंतु धरतात.

पांचवा मार्ग ऐकून कित्येकांना आश्चर्य वाटेल. चीनच्या क्वांगतुंग प्रांतांत म्हशीचें दूध आल्याच्या रसानें थिजवितात. आल्यांत एक पाचक द्रव्य असतें. चीजसाठीं दूध गोठविणारें रेनेट जें काम करतें, तसेंच काम तें करतें. पक्कें जून आलें किसून त्याचा मोठा चमचाभर ताजा रस वाटींत घ्यावा. वाटीभर दूध साखर घालून तापवावें. वाफ उठूं लागली पण उकळी फुटली नाहीं, म्हणजे सुमारें ७० अंशांवर, तें उतरवावें, वाटींतील रस ढवळून त्यावर एका दमांत ओतावें आणि दहा मिनिटें वाटी हलवूं नये. दूध फार तापलें तर आल्याचा गुण नष्ट होतो, कमी तापलें तर काम होत नाहीं. जमलें म्हणजे चमचा वर उभा ठेवतां येईल असें मऊ, तिखटगोड पुडिंग मिळतें. दाट दुधाची पंढरपुरी म्हैस ज्यांच्या दारीं आहे, त्यांनीं हा प्रयोग अवश्य करावा.

हे पांच मार्ग हातीं आले म्हणजे रुचीचें राज्य मोकळें होतें; मात्र प्रत्येक फळाचा स्वभाव ओळखावा. सीताफळ आंचेवर कडवटतें, म्हणून त्याचा गर निवलेल्या पुडिंगांतच कालवावा. कच्चें अननस दुधाला कडू करतें आणि जिलेटिनाला थिजूं देत नाहीं. तें आधीं साखरेंत शिजवून घ्यावें. डाळिंबाचा रस दुधांत न घालतां चायना ग्रासच्या पाण्यांत, आंचेवरून उतरविल्यावर घालावा आणि पांढऱ्या थरावर त्याचा तांबडा थर द्यावा. अळीव भिजतांच स्वतःच चिकट होऊन खिरीला दाटपणा आणतात; बाळंतिणीच्या खोलींतून त्यांना बाहेर काढण्यास हरकत नाहीं. लसणाच्या पाकळ्या तीनचार वेळां पाणी बदलून उकडल्या तर उग्रपणा जातो, आणि दुधांत आटविल्यावर पाहुण्याला ती खीर कशाची हें ओळखतां येत नाहीं. गुलकंद, कॉफी, भाजलेली खसखस, सारेंच चालेल. पण एका पात्रांत एकच सुवास प्रमुख असावा. वेलदोडा, केशर, गुलाब आणि व्हॅनिला यांची एकदमच गर्दी केली तर कोणाचेंच बोलणें ऐकूं येत नाहीं.

या पदार्थाची खरी कसोटी मेजवानींत लागत नाहीं. घरांत दांत नसलेली आजी असते, तापांतून उठलेलें मूल असतें, अंडें न सोसणारी किंवा साखरेचें पथ्य असलेली व्यक्ति असते. गूळ साखरेपेक्षां निरुपद्रवी आहे असें समजून मधुमेह्यास वाढणें ही चूक आहे. त्याच्या वाटींत गोडी कमी करून दाटपणा आणि सुवास वाढवितां आला पाहिजे. पुडा सर्वांना एकच चव देतो. ज्या घरांत दूध कशानें थिजतें हें ठाऊक आहे, तें घर प्रत्येकाच्या प्रकृतीप्रमाणें वाटी भरूं शकतें. त्यासाठीं प्रथम वाटीभर दुधावरच प्रयोग करावा, बिघडलें तर कां बिघडलें तें पाहावें, आणि जमलेलें प्रमाण घरच्या वहींत लिहून ठेवावें.