चुन्याची निवळी आणि हळदीचं पेव

आज नुसतं ऐकायचं नाही, एक काम पण करायचंय. आज्जीची पानाची चंची शोधा. त्यातली चुन्याची डबी आपल्याला पाहिजे.

हरभऱ्याएवढा चुना ग्लासभर पाण्यात ढवळा आणि रात्रभर झाकून ठेवा. सकाळी गाळ तळाला बसलेला असेल. वरचं नितळ पाणी हळूच दुसऱ्या ग्लासात ओता. हीच आपली शाळेच्या पुस्तकातली चुन्याची निवळी. आता स्ट्रॉ घालून फुंकत राहा. ओढायचं मात्र नाही, आणि डोळ्यांत थेंब उडू द्यायचा नाही. थोड्या वेळात पाणी दुधासारखं दिसायला लागतं.

झालं काय? निवळीत कॅल्शियम हायड्रॉक्साइड विरघळलेलं असतं. तुमच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड त्याला भेटला आणि कॅल्शियम कार्बोनेट तयार झालं. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून बारीक पांढरे कण तरंगतात. बाहेरच्या हवेत हा वायू साधारण 0.04 टक्के, तर आपण सोडलेल्या श्वासात 4 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे शंभरपट! डबी उघडी राहिली की चुना वाळून खडखडीत होतो, त्यामागेही हीच क्रिया आहे, फक्त सावकाश चाललेली.

फुंकत राहिलात तर गंमत पुढंच आहे. दुधाळ पाणी परत नितळ व्हायला लागतं. जादा वायूमुळे कार्बोनेटचं बायकार्बोनेट होतं आणि ते विरघळतं. हेच पाणी उकळलं की वायू उडून जातो आणि पांढरा थर मागं राहतो. आता आठवा, माणदेशात बोअरचं पाणी तापवलेल्या पातेल्याच्या बुडाला काय बसतं? दहिवडी काय, म्हसवड काय, घराघरात हा प्रयोग रोज चाललेला असतो.

आता मुद्द्याचं. सांगलीजवळ, कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तिथं हळद पेवात साठवायची जुनी पद्धत. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेला, अरुंद तोंडाचा खड्डा. हळद भरून तोंड मातीनं बंद करायचं. आत ऑक्सिजन कमी होतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो, त्यामुळे किडे जगत नाहीत आणि हळद टिकते. 2005 च्या महापुरात यातली बरीच पेवं खराब झाली.

पण जी हवा किड्याला मारते, ती माणसालाही सोडत नाही. म्हणून पेव उघडल्यावर लगेच कुणी उतरत नसे. तोंड उघडं ठेवून थांबायचं, मग कंदील आत सोडून बघायचा. तो विझला, तर अजून थांबायचं.

आपल्याकडच्या जुन्या, वापरात नसलेल्या विहिरींचंही तसंच. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जवळपास दीडपट जड, त्यामुळे तळाशी साचतो. त्याला रंग नाही, आणि वासावरूनही ओळखू येत नाही. हवेत तो 10 टक्क्यांच्या आसपास गेला, तर काही मिनिटांत शुद्ध हरपते.

आणि इथंच घात होतो. एक जण खाली पडला की भाऊ वाचवायला उतरतो, मग त्याच्यामागं शेजारी. एकाच्या जागी तीन जण जातात. आपल्या माणसाला तडफडताना बघून वर थांबणं लई अवघड आहे, पण तुम्ही उतरलात तर त्याला वर काढणारं कुणी उरत नाही. 112 ला फोन लावा, आणि दोर व श्वासाची साधनं असलेली माणसं येईपर्यंत कुणालाही उतरू देऊ नका.

कंदील पेटता राहिला म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. विषारी वायू दिवा न विझवताही मारतात, आणि काही वायू ज्योतीनं पेट घेतात. म्हणून आता खात्री करायची तर गॅस मोजायचं यंत्रच हवं.

ग्लासातली निवळी विहिरीची परीक्षा घेऊ शकत नाही. ती एवढंच दाखवते, की न दिसणारा वायू खरोखर असतो. विहीर साफ करायला निघालेल्या चुलत्याला सांगून पटत नसेल, तर त्याच्यासमोर ग्लासात फुंकून दाखवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!