मानेतील अरुंद वाट

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



गतवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांस दिलेल्या प्रशस्तिपत्रकांवरील नावे आमच्या हातची नव्हती. संगणकावर छापलेली ती नावे पाहून कित्येकांनी आम्हांस विचारले, "गुरुजी, मंडळावर रुसलात काय?" चिटणिसांनी आज बोलावयास उभे केले आहे, तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर देऊन टाकतो. आम्ही रुसलो नव्हतो. आमचा हातच आमच्यावर रुसला होता.

प्रारंभ अगदी क्षुल्लक गोष्टींनी झाला. सदऱ्याची गुंडी लागेना. हातचा पेला निसटू लागला. जिना उतरताना कठडा धरावासा वाटे आणि मान खाली घातली की पाठीतून विजेची लहर गेल्यासारखे होई. एकदा तर सही जुळत नाही म्हणून धनादेश परत आला. वेदना मात्र नव्हती, आणि दुखत नाही त्या अर्थी रोग नाही, या समजुतीवर आम्ही चौदा महिने काढले. ज्याने चौतीस वर्षे मुलांचे अक्षर तपासले, त्याने स्वतःचे अक्षर बिघडताना पाहावे आणि ते वार्धक्याच्या खाती टाकावे, याची आज लाज वाटते. त्याहून मोठा अविचार म्हणजे, दाढीनंतर मान कडाकड मोडून घेण्याची आमची जुनी सवय त्या काळातही चालूच होती! ज्याच्या मज्जारज्जूवर दाब आहे त्याने मान मोडून घेणे, हिसके देणे किंवा शीर्षासन करणे म्हणजे संकटास बोलावणे धाडणे होय, हे आम्हांस पुढे कळले.

आम्ही पडलो जुन्या अकरावीचे मॅट्रिक. जे समजले ते सांगतो. मानेत सात मणके असतात व त्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू खाली उतरतो. ही वाट पुढून मागे साधारण १७-१८ मिलिमीटर असते. वयपरत्वे मणक्यांमधील चकत्या सुकतात, कडांना हाडाची टोके फुटतात, मागचे बंध जाड होतात आणि वाट दाटत जाते. दहा मिलिमीटरांच्या आत आली की अडचण खरी. इंग्लंडातील रसेल ब्रेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली या विकाराचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. (डॉक्टरांच्या आडनावाचा अर्थ 'मेंदू', हे ऐकून आम्हांस त्याही स्थितीत हसू आले.)

तज्ज्ञ डॉक्टरांनी प्रथम आमच्या मधल्या बोटाच्या नखास टिचकी मारली. त्यासरशी अंगठा आपण होऊन आत वळला. ते लक्षण बरे नव्हे. मग दहा सेकंदांत मूठ जितक्या वेळा उघडमीट करता येईल तितकी करावयास सांगितली. निरोगी माणूस वीस किंवा अधिक वेळा करतो. आमची गाडी तेरावर थांबली. एमआरआयमध्ये तीन ठिकाणी रज्जू चेपलेला दिसला. अखेर हात, पाय, स्पर्श आणि लघवीवरील ताबा यांची अठरा गुणांची परीक्षा झाली व आम्हांस चौदा गुण मिळाले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींप्रमाणे १५ ते १७ गुणांच्या रोग्याने शस्त्रक्रिया करावी अथवा देखरेखीखाली व्यायामोपचार करून पाहावे, आणि प्रकृती ढासळल्यास शस्त्रक्रिया करावी. चौदा किंवा कमी असल्यास शस्त्रक्रियेचाच सल्ला. म्हणजे एका गुणाने आम्ही नापास! ज्या विद्यार्थ्यांना आम्ही जन्मभर दटावले, त्यांच्याप्रमाणेच आम्ही तेथे एका वाढीव गुणासाठी घासाघीस केली. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "गुरुजी, मी गुण वाढवीन, पण त्याने वाट रुंद होणार नाही."

घरी मतांचा बाजार भरला. मेहुणे म्हणाले, मानेस शस्त्र लावू नये, माणूस कायमचा अंथरुणास खिळतो. धाकटे बंधू तेलमर्दनाचा आग्रह धरून बसले. आम्ही स्वतः पट्टा बांधून वेळ काढावा या मताचे होतो, कारण ते मत सर्वांत सोपे होते. दुसऱ्या शहरातील शल्यविशारदांस कागद दाखविले. शस्त्रक्रिया करावी याविषयी दोघांचे एकमत. पण एकांस ती गळ्याच्या पुढून करणे पसंत, दुसऱ्यांस मानेच्या मागून. या मतभेदाने आमची झोप उडाली.

निर्णय झाला तो आमच्या कुटुंबाच्या एका प्रश्नाने. आम्ही सगळे शस्त्रक्रियेने काय बिघडेल ते विचारीत होतो; तिने विचारले, "नाही केली तर काय होईल?" उत्तर असे मिळाले: नक्की सांगता येत नाही. काही जण दीर्घकाळ आहे तसे राहतात, पुष्कळांचा विकार पायरीपायरीने वाढतो, आणि एखाद्या लहानशा पडण्यानेही हातपाय जाऊ शकतात. शस्त्रक्रियेचा पहिला हेतू आहे ते राखणे हा. बरेचसे परतही मिळते, परंतु गेलेले सगळे परत मिळेलच, असे कोणी लिहून देत नाही. तीन ठिकाणी दाब असून मानेचा स्वाभाविक बाक शाबूत होता, म्हणून मागील मार्ग ठरला. यात मणक्यांच्या मागच्या कमानी बिजागरीच्या दाराप्रमाणे किंचित उघडून वाट मोठी करतात. शंभरांत सुमारे पाच जणांचा खांदा काही काळ अशक्त होतो, हेही आधीच ऐकून घेतले. पुढून केल्यास काही दिवस गिळण्यास त्रास होऊ शकतो.

येथे एक गैरसमज होऊ नये. नुसती मान दुखते म्हणून कोणी शस्त्रक्रियेस धावू नये. तसेच एमआरआयमध्ये वाट अरुंद दिसली, पण हातापायांत काहीच लक्षण नाही, अशास केवळ खबरदारी म्हणून शस्त्रक्रिया सांगत नाहीत. अशांनी लक्ष ठेवावे. आणि दुसऱ्या कोणत्याही कारणाने भूल घेण्याची वेळ आली, तर भूलतज्ज्ञास मानेविषयी आधी सांगावे. श्वासनळीत नळी घालताना मान मागे वळवावी लागते.

आमच्या शस्त्रक्रियेस आठ महिने झाले. चाल सुधारली, गुंड्या लागतात, मूठ अठरापर्यंत पोचली. मान मात्र ताठरली आहे. मागून कोणी हाक मारल्यास आम्हांस सबंध वळावे लागते, त्यास कोणी शिष्टपणा समजू नये. अक्षर अद्याप पूर्ववत नाही. यंदाच्या सत्तावीस प्रशस्तिपत्रकांपैकी नऊ आम्ही लिहिली आहेत, उरलेली आमच्या नातीने. ज्या नऊ जणांच्या नावांची शिरोरेषा थोडी उतरती दिसेल, त्यांनी ती आमच्या हातची आहे असे समजावे. लिहावयास प्रत्येकी वीस मिनिटे लागली.