विश्वविजेते आणि त्यांच्या राशी

२५ जून १९८३ रोजीं लॉर्ड्‌सवर विश्वचषक जिंकणाऱ्या आपल्या संघांत चौदा खेळाडू होते. आरमोरींतील एका आजोबांनीं त्यांची राशिवार वांटणी केली. सिंहेचे तीन, मकरेचे तीन, कन्येचा एकहि नाहीं! त्यांचा नातू कन्येचा; त्याचें खेळणें त्यांनीं बंद केलें. मुलगा रडवेल्या मुद्रेनें मजकडे आला.

मीं वांटणी पुन्हा मांडली. आजोबांनीं घेतली होती ती वृत्तपत्री, सायन रीत. आपलें पंचांग निरयन. तेथें राशींचा आरंभ सुमारें तेवीस-चोवीस अंशांनीं सरकतो. मग ३ ऑगस्टचे बलविंदर संधू व ११ ऑगस्टचे यशपाल शर्मा कर्केंत जातात, सिंहेंत एकटे संदीप पाटील उरतात. कपिलदेव, किरमाणी व कीर्ति आझाद धनूंत जाऊन श्रीकांतला मिळतात. आणि २४ सप्टेंबरचे मोहिंदर अमरनाथ, ज्यांनीं अंतिम सामन्यांत २६ धांवा काढून ३ बळी घेतले, ते कन्येंत येतात! खेळाडू तेच, ४३ धांवांचा विजयहि तोच. शिवाय आपण जिला रास म्हणतों ती चंद्राची, सव्वादोन दिवसांत पालटणारी. तिला जन्मवेळ हवी.

जन्मतारखांविषयीं एक कबुली देतों. नांव घालतांना पालकांस तारीख ठाऊक नसली, कीं मी दाखल्यांत १ जुलै लिहीत असें. या मुलाच्या वडिलांचीहि तीच, माझ्याच अक्षरांत. हें सांगतांच आजोबा म्हणाले, "गुरुजी, मग आमच्या पोराची खरी रास कोणती?" मला सांगतां आलें नाहीं. नातू मात्र बॅट घेऊन केव्हांच निघून गेला होता.