पळसाची तारीख

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून व्याख्यानं आणि वसंत यांची मराठीत जोडी जमली आहे. वऱ्हाडात मात्र हा वसंत नेमका कुठे शोधायचा, हा प्रश्नच आहे. पंचांग सांगतं, चैत्र-वैशाख म्हणजे वसंत. त्या दिवसांत अकोल्याचा पारा चाळिशी ओलांडून पुढे गेलेला असतो. आपला खरा फुलोरा, म्हणजे धुऱ्यावरचा आणि नाल्याकाठचा पळस, फुलतो फाल्गुनात. पंचांगाच्या हिशेबात तो शिशिर! ऋतूचं नाव एका महिन्यात आणि त्याची फुलं दुसऱ्याच महिन्यात. आपल्या मोजपट्टीतल्या या घोळाबद्दलच आज मला बोलायचं आहे.

‘आता ऋतूंचा काही भरवसा राहिला नाही’ हे वाक्य आपण दरवर्षी म्हणतो. पुरावा म्हणून पुढे करतो पळस: यंदा होळीच्या आधीच फुलून गेला, किंवा होळी आली तरी फुलला नाही. हा पुरावा जरा तपासून बघू. २०१८ मध्ये होळी पेटली १ मार्चला आणि २०२१ मध्ये २८ मार्चला. म्हणजे सत्तावीस दिवसांचा फरक. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असतं आणि अधिकमास येऊन ती तूट भरून काढतो, म्हणून होळी अशी मागेपुढे होते. समजा, एखादा पळस या दोन्ही वर्षी बरोबर १० मार्चलाच फुलला. तर पहिल्या वेळी आपण म्हणू, होळीनंतर नऊ दिवसांनी, उशिरा फुलला. दुसऱ्या वेळी म्हणू, अठरा दिवस आधीच फुलला. झाड तिथेच उभं, सरकली ती होळी. सरकत्या खुणेवरून लहरीपणा मोजला, तर हवामानाची लहर कोणती आणि पंचांगाची कोणती, हे कळणार कसं?

याचा अर्थ लहरीपणा खोटा असा नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर वायव्येकडचे कोरडे वारे आणि बंगालच्या उपसागराकडून येणारी दमट हवा विदर्भावर एकमेकांना भिडतात. जमीन तापलेली असते, पण वरची हवा अजून थंड असते. ढग उंच चढतात आणि गारा होऊन कोसळतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट राज्यातल्या बहुतेक भागांनी सोसली. २०१८ च्या फेब्रुवारीत पुन्हा वऱ्हाडाला तडाखा बसला. तेव्हा अवकाळी ही आपल्या वसंताची जुनीच सोबतीण आहे. ती आता जास्त वेळा येते का, फुलोरा खरोखरच अलीकडे सरकला आहे का, हे सांगायला मात्र स्मरण पुरत नाही. त्याला वही लागते.

अशी वही जपानकडे आहे. क्योतोतल्या चेरीच्या बहराच्या नोंदी दरबारी रोजनिशांतून थेट नवव्या शतकापर्यंत मागे जातात. मधे खंड आहेत, तरी बाराशे वर्षांचा पट हाती लागतो. म्हणून २०२१ मध्ये तिथली चेरी २६ मार्चला पूर्ण बहरली, तेव्हा इतक्या लवकर ती नोंदींच्या इतिहासात कधीच बहरली नव्हती, हे छातीठोकपणे सांगता आलं. त्या रोजनिशा लिहिणारे शास्त्रज्ञ नव्हते. फुलं बघायला जायचं म्हणून त्यांनी दिवस टिपून ठेवला होता, एवढंच. आज तिथल्या हवामान खात्याची शहरागणिक नेमलेली झाडं आहेत. त्या झाडावर पाच-सहा फुलं उमलली की मोसम सुरू झाल्याचं जाहीर होतं.

कोणी म्हणेल, गावोगावी तापमापक आणि पर्जन्यमापक असताना झाडाला कशाला विचारायचं? तापमापक त्या क्षणाची हवा सांगतो. झाड मात्र गेल्या पावसाची ओल, थंडीचा मुक्काम आणि उन्हाची चढण या सगळ्यांची बेरीज करून बसलेलं असतं. पळस तर वाचायलाही सोपा. पानं झडलेली, काळपट तपकिरी मखमली कळ्यांनी फांद्या भरलेल्या, आणि एके सकाळी त्यातून पोपटाच्या चोचीसारखी वाकडी केशरी पाकळी बाहेर आलेली. म्हणून तर संस्कृतात त्याला किंशुक म्हणतात: हा पोपट तर नव्हे? ही तारीख शाळेतल्या पोरालाही चुकायची नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. वरूड-मोर्शीकडे गारपिटीने संत्र्याचे बगीचे झोडपले जात असताना फुलं बघत हिंडणं हे रिकामटेकड्यांचं काम नव्हे का? माझ्या मते बगीचेवाल्यालाच या वहीची गरज सर्वांत जास्त आहे. आंबिया बहारासाठी झाडं ताणावर सोडायची आणि मग पाणी देऊन ताण तोडायचा, हा सगळा खेळ तारखांचा. फेब्रुवारी-मार्चची गार मृग बहाराची तोडणीला आलेली फळं फोडते आणि आंबियाचा कोवळा बारही झाडते. हवामानावर आधारलेला फळपीक विमा ठरावीक तारखांच्या कालावधीतलं हवामान मोजतो. उद्या बहरच त्या तारखांच्या बाहेर सरकला, तर कालावधी बदला म्हणून मागणी कशाच्या आधारावर करायची? मेळघाटात पहाटे मोहाची फुलं वेचणाऱ्या कोरकू बाईलाही एक अवकाळी सर महागात पडते, कारण भिजलेली फुलं सुकत नाहीत, सडतात. तिच्यासाठी फुलांवर नजर ठेवणं ही चैन नाही, रोजी आहे.

फुलं बघायला झुंबड उडाली तर वणव्याच्या दिवसांत जंगलावर ताण येईल, ही भीतीही रास्त आहे. पण पळसासाठी व्याघ्र प्रकल्पात शिरायची गरजच नाही. तो अमरावतीजवळ पोहऱ्याच्या रस्त्यावरूनही दिसतो. गावाजवळचं एकच झाड नेमावं. दरवर्षी तेच, कारण शेजारचा पळसही वेगळ्या दिवशी फुलतो. नोंदी तीन: पहिलं फूल, निम्मं झाड फुललेलं, पहिली पालवी. शेजारी त्या दिवसाचं पाऊस-गारांचं टिपण, आणि तारीख इंग्रजी महिन्याची. तिथी हवी तर सोबत लिहावी, तिच्याऐवजी नको. अकोला समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आत, तर चिखलदरा सुमारे अकराशे मीटरवर. या चढणीवरच्या वीस शाळांनी हे केलं, तरी अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला तपासण्याजोगं काही हाती लागेल.

कुठेही गेलं तरी पळसाला पानं तीनच, असं आपण म्हणतो. पानांपुरतं ते खरं आहे. फुलांची तारीख मात्र गावागणिक आणि सालागणिक वेगळी असते, आणि ती आपण आजवर लिहून ठेवलेली नाही. येत्या फाल्गुनात पळस बघायला जरूर जा, आभाळ भरून आलं तरी जा; फक्त खिशात पेन असू द्या.