मोडीचे वळण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



अलीकडे लग्नपत्रिकांवर, दारावरच्या पाट्यांवर मोडी अक्षरे दिसू लागली आहेत. ती कशी झोकदार दिसतात, हे आपण सर्वजणी पाहतो. त्या अक्षरांविषयी मी आज चार शब्द बोलणार आहे.

मोडी ही आपल्या मराठीचीच धावती लिपी. ती हेमाडपंतांनी रूढ केली, असे परंपरा सांगते. लिहिणारा आधी पानावर आडवी रेघ ओढून घेई, आणि मग होता होईल तो बोरू न उचलता एकामागून एक अक्षर त्या रेघेखाली लिहीत जाई. चकली पाडताना आपण सोऱ्या मध्येच थांबवीत नाही, तसेच हे. ऱ्हस्व-दीर्घाची चिकित्सा नाही, दोन शब्दांत जागा सोडणे नाही. त्यामुळे लिहिणे भरभर होई. वाचणाऱ्याला मात्र शब्द कोठे संपला हे अर्थावरून ताडावे लागे.

छापखान्याला ही लिपी अवघडच गेली. १८१० साली बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांनी मराठीचा कोश मोडी खिळ्यांनी छापला होता. पण खिळा सुटा आणि मोडीचे अक्षर जोडलेले! पुढे छापील पुस्तकांत बाळबोधच स्थिरावली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून शिकविली जाणारी मोडी हळूहळू मागे पडली.

आता संगणकाने तिला पुन्हा जागा दिली आहे. पूर्वी हौशी मंडळींनी केलेल्या फॉन्टांत एकाची अक्षरे दुसऱ्यात घातली की भलतेच उमटे. २०१४ साली युनिकोडमध्ये मोडीचा समावेश झाला. तेव्हापासून प्रत्येक मोडी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक आहे. 'नोटो सान्स मोडी' हा फॉन्ट तर विनामूल्य मिळतो. त्यात मुळाक्षरांचे तक्ते करावे, मुलांसाठी धडे छापावे, बाळबोध ओळीखाली मोडी ओळ द्यावी. असे उपयोग पुष्कळ आहेत.

परंतु भगिनींनो, नुसत्या शोभेवर थांबू नये. कित्येक घरांत जुन्या पेटीत खरेदीखते, गहाणखते, वाटणीपत्रे, जमाखर्चाच्या वह्या मोडीत पडून आहेत. शेताची हद्द कोणती, कर्ज फिटले की नाही, हे त्यांतच लिहिलेले असते. वाचता येत नाही म्हणून ते कागद रद्दीत जातात, नाहीतर दुसरा सांगेल त्यावर विश्वास ठेवावा लागतो. फॉन्टातले अक्षर नेहमी सारखे असते, हाताचे प्रत्येकाचे निराळे. म्हणून आधी फॉन्टावर अक्षरओळख करावी आणि मग खऱ्या कागदांवर नजर बसवावी, हा क्रम मला योग्य वाटतो.

यंदा आपल्या मंडळाने आठवड्यातून एक दुपार मोडीच्या वर्गासाठी ठेवावी, अशी माझी सूचना आहे. तोवर एवढे तरी करू या : मोडीतला एकही कागद कोणाकडून वाचून घेतल्याशिवाय घराबाहेर टाकायचा नाही.